गळती

यासेर मिस्त्रीने हौसेने स्वतःच्या जुन्या डिझेल गाडीला इंजिनात जाणारी हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर बसवला होता. बॉनेटखाली जागाच नव्हती. टर्बोकडून येणारा हवेचा जाड पाइप त्याने बॅटरी आणि पंख्याच्या मधून कसाबसा वळवून नेला होता. आज त्याच गाडीतून तो लेकीला, अलीझाला, भोकरहून नांदेडला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला घेऊन निघाला होता.

"पाइप निसटला तर गाडी वढायची न्हाई," शेजारी बसलेली त्याची बायको जोहरा म्हणाली. "पोरीनं लातूरच्या क्लासात दोन वर्षं घातली, अन् तुम्हाला हौस आत्ताच सुचली!"

गाव मागे पडलं आणि यासेरच्या कानावर बारीक आवाज आला. सूं... सूं... कुठून तरी हवा लीक होत होती. रस्त्यात गाडी बसली आणि तिकडे परीक्षा केंद्राचं गेट बंद झालं, तर सगळंच संपलं.

"काच लाव. बोलू नको, ऐकू दे मला."

आवाज वाढतच गेला. अलीझा मागे गप्प बसली होती, तेवढंच बरं होतं. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं आणि फिरत्या पंख्यापासून हात जपत पाइपाचा एकेक जोड चाचपला. सगळ्या क्लिपा घट्ट होत्या.

"गाडीला तर कायबी झालं न्हाई," म्हणत तो आत येऊन बसला आणि त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं.



आवाज चालूच राहिला. मागच्या सीटवर अलीझा दोन्ही हातांनी छाती दाबून श्वास ओढत होती.