चौथ्या ठोक्याची जागा

"दोन सूर आणि तीन ठोके, तेही तासभर. याला संगीत म्हणायचं की गळका नळ?" येर्नेय घरी म्हणाले होते. चाळीस वर्षं चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवलेला माणूस, त्यांना कोण समजावणार? तरी लेकीचा कार्यक्रम म्हणून ते पहिल्या रांगेत येऊन बसले.

पोलोना कीबोर्डवर तेच दोन सूर धरून होती. शेजारी टिलेन पितळी थाळ्यांवर तीन ठोके द्यायचा, चौथ्याला हात उचलायचा आणि न वाजवताच खाली आणायचा.

"याला मधेच डुलकी लागते वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. गावचं सभागृह हसलं.

शेवटचा सूर विरला तेव्हा एकही टाळी वाजली नाही. लोक कोट चढवू लागले. येर्नेय मात्र उठून थेट मंचापाशी आले.

"चौथा ठोका का सोडतोस रे?" त्यांनी टिलेनला विचारलं.

उत्तर पोलोनाने दिलं. "तुम्ही सोडता म्हणून, बाबा."

पहिल्या महायुद्धात गावची चौथी घंटा तोफा ओतायला उतरवून नेली होती. तेव्हापासून गावचे घंटावाले तीनच वाजवत आणि चौथीची जागा मोकळी ठेवत. ऐकून ऐकून गावाला ती जागा ऐकूच येईनाशी झाली होती.

ते लोकांकडे वळले. "कोट काढा आणि बसा. हे पुन्हा एकदा होणार आहे."

मग टिलेनच्या कानाशी वाकून म्हणाले, "फक्त जागा जरा जास्त सोड. चौथी सगळ्यांत मोठी होती."