जादा सिलिंडर

"मुलगी वर आली. ताई नाही आल्या." फोनवर एवढंच सांगितलं गेलं. शिंपी तेव्हा एका कोटाची बाही जोडत होता. ती बाही अजून टाचण्यांवरच आहे.

आता तो पाणबुड्यांच्या सिलिंडरांत गॅस भरणाऱ्याच्या दुकानात उभा होता. उद्या चौकशी समितीपुढे त्याची तक्रार होती. ती टिकली तर या दुकानाला कायमचं कुलूप लागणार होतं. शिंप्याला तेच हवं होतं.

"बसा, दाजी," भरणारा म्हणाला. सगळे त्याला मामा म्हणत. शिंप्याच्या बायकोला तो ताई म्हणायचा, म्हणून शिंपी त्याचा दाजी.

"दाजी म्हणू नकोस मला. ते नातं त्या पाण्यात बुडालं."

मायलेकी पाण्याखाली काम करायच्या. पाणी भरलेल्या एका जुन्या खाणीची आतून मोजणी चालली होती. पाठीवरच्या सिलिंडरांखेरीज प्रत्येकीच्या बगलेला एक सिलिंडर असे, वर येतानाच्या वाटेसाठी. शिवाय एक जादा, खाली दोरीला बांधलेला, कुणावर वेळ आलीच तर. दिसायला सगळे सारखेच. आतला गॅस मात्र वेगवेगळा, आणि जो गॅस वरच्या पाण्यात जीव वाचवतो तोच खोल पाण्यात जीव घेतो. म्हणून प्रत्येकावर लेबल हवं. किती मीटरच्या खाली तोंडाला लावायचा नाही तो आकडा ठळक, आणि ज्याने वापरायचा त्याचं नाव.

बायको या बाबतीत फार कडक होती. घरातल्या मीठ-साखरेच्या बरण्यांनाही लेबलं असत. "आधी जुनं सोल, मग नवं चिकटव," ती लेकीला दटावायची. "एकावर एक लावत बसलीस तर एक दिवस चहात मीठ पडेल." आणि सिलिंडरबद्दल तिचं एकच वाक्य ठरलेलं होतं : लेबल नाही, त्याला तोंड नाही.

तीच बाई एका बिनलेबलाच्या सिलिंडरशेजारी मेलेली सापडली. सिलिंडर गळ्यापर्यंत भरलेला होता. तिला आणायला मामाच खाली उतरला होता, आणि वर येऊन त्यानेच कबूल केलं, ताईंच्या सिलिंडरवर लेबल लावायचं माझ्याकडून राहिलं.

"राहिलं!" शिंपी म्हणाला. "एक बटण लावायचं राहिलं तर गिऱ्हाईक कोट माझ्या तोंडावर फेकतं. आणि तुझं लेबल राहिलं!"

"चूक झाली."

"ती आपलं लेबल आयुष्यात कुणाला लिहू देत नव्हती. मला कधी दिलं नाही. आणि तुझ्यावर सोडलं? माझ्याकडे बघून सांग."

मामाने फडक्याला हात पुसले. हात स्वच्छच होते. "घाईत होत्या त्या. मी म्हटलं, मी लावतो."

"ती आणि घाईत? स्वतःच्या लग्नाला उशिरा आली होती ती!"

मामाला हसू येता येता राहिलं. "उद्या तुम्हाला काय बोलायचं ते बोला, दाजी. मी काही नाकारणार नाही."

शिंप्याचं डोकं आणखीच तडकलं. भांडायला यावं आणि समोरच्याने मान खाली घालून उभं राहावं, म्हणजे माणसाला धड भांडताही येत नाही.

लेक बाहेर गाडीत बसली होती. दुकानाची पायरी चढायला तिचं मन धजत नव्हतं. त्या दिवशी तिच्या बगलेच्या सिलिंडरची नळी फुटली होती. चिखल असा उसळला की हाताला हात दिसेना. "आईने दोरीचा जादा सिलिंडर सोडून माझ्या बगलेला अडकवला आणि मला वर ढकललं," ती सांगायची. "जादाच होता, बाबा. वर आल्यावर मी मामाला विचारलं, त्याने लेबल दाखवलं मला. तिचा असता तर मी हातसुद्धा लावला नसता." रोज रात्री ती हे एकदा सांगायची. मगच तिचा डोळा लागायचा.

ते तीन सिलिंडर उद्या समितीपुढे न्यायचे म्हणून कोपऱ्यात ठेवले होते. फुटक्या नळीचा, लेकीच्या नावाचा. दुसरा उघडाबोडका. तिसऱ्यावर आकड्याखाली मामाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जादा. सगळ्यांसाठी.'

शिंप्याने तिसऱ्यावरून हात फिरवला.

"हे बघ. हेसुद्धा वाकडं! एक कड वर, एक खाली. माझ्या दुकानात असतास तर पहिल्याच दिवशी हाकललं असतं तुला."

त्याचं नख लेबलाच्या कडेला लागलं.

"ते राहू द्या, दाजी." मामाचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"का राहू द्या? सगळं राहूच देतोस तू!"

जन्मभर टाके उसवलेलं नख होतं ते. लेबल एका झटक्यात निघालं.

खाली दुसरं लेबल होतं. एकवीसचा आकडा, ठळक. त्याखाली शिंप्याच्या बायकोचं नाव, तिच्याच अक्षरात. शिंप्याची नजर उघड्याबोडक्या सिलिंडरवरच्या डिंकाच्या डागाकडे गेली : खरा जादा तो, आणि चिखलात तो तिला वेळेत सापडला नव्हता.

मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"बाबा, झालं का?" लेक दारात आली होती. तिची नजर कोपऱ्याकडे गेली. "मला वर आणलं तो हाच ना?"

शिंप्याने हातातलं लेबल पुन्हा जागेवर ठेवलं. अंगठ्याने चारही कडा दाबून नीट सरळ बसवलं.

"हाच," तो म्हणाला. "सगळ्यांसाठीचा."

तक्रार मागे घ्यायची आहे. कारण काय सांगायचं, ते ठरायचं राहिलं आहे.