एकाच कुकरमधले दोन डबे

सासूबाईंनी शिजलेल्या डाळीचा दाणा चिमटीत दाबला. तेवीस वर्षं तो दाणा त्यांच्या बोटांतून निसटत आलाय आणि त्या म्हणत आल्यात, "तुला वरण कधी जमायचं नाही." आज तो लोण्यासारखा पसरला.

"काय घातलंस यात?"

"काही नाही. काल मशीनवाला कॅन ठेवून गेला ना, ते पाणी. त्याचं मशीन जड पाणी हलकं करतं म्हणाला, घ्यायच्या आधी वापरून बघा." मी दुसरा डबा पुढे सरकवला. "ही आपल्या बोअरच्या पाण्यातली. डाळ एकाच बरणीतली, कुकरही एकच."

त्यांनी तोही दाणा दाबला. तो नेहमीसारखाच टणक होता. मग दोन पेल्यांत दोन्ही पाणी ओतून त्या खिडकीपाशी गेल्या आणि गाभाऱ्यात वाकून बघावं तसं बघत राहिल्या.

"दिसायला तर सारखंच आहे गं."

मी कुकरचं झाकण पुसत राहिले. बोलायचं पुष्कळ होतं.

"माझ्या सासूबाई माझं वरण म्हशीच्या आंबोणात ओतायच्या," त्या पेल्यांकडेच बघत म्हणाल्या. "माझ्यादेखत. आणि मला आजवर वाटत होतं, माझ्याच हाताला चव नाही."

त्यांनी ताट घेतलं. भात वाढला, त्यावर ते मऊ वरण, वर तूप. आमच्याकडे पहिलं ताट त्यांचं असतं.

"मशीनवाल्याला हो म्हणून कळव," त्या म्हणाल्या. "पण आधी बस. गरम आहे तोवर तू जेव."