दोरा तुटल्याची खूण

"आत जज मॅडमनी विचारलं तर काय सांगायचं?"

"पप्पा नको तिथं हात लावतात. मला भीती वाटते. मला मम्मीकडंच राहायचंय." रुचिकानं एका दमात सांगितलं. कुठं अडखळली नाही.

"शाबास. अन् रडायला आलं तर रडायचं. लाजायचं न्हाय." बायजाबाईनं नातीच्या वेणीची रिबीन पुन्हा घट्ट केली. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर शेजारी भावना बसली होती, रुचिकाची आई. पलीकडं जिन्याजवळ जावई उभा होता, देवेश. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता बिचारा. लेक एकदा आपल्याकडं बघेल म्हणून वाट बघत होता.

खरं सांगायचं तर देवेशनं पोरीला कधी टपलीसुद्धा मारली नव्हती, आणि हे बायजाबाईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा-बायकोचं फाटलं, भावना वळ गावात माहेरी आली, गोदामात पॅकिंगच्या शिफ्टला लागली. तिकडं देवेशनं पोरीच्या ताब्यासाठी अर्ज टाकला. आई दिवसभर ड्युटीवर, पोर म्हातारीच्या भरवशावर, असं त्याच्या वकिलानं लिहिलं. बायजाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. पोर गेली तर घरात राहतं काय? चार भिंती? मग कुणीतरी तिच्या कानात सांगितलं, एक वाक्य असतं, ते पोरीच्या तोंडून आलं की बाप पुन्हा दारात यायचा नाही. बायजाबाईनं ते वाक्य आठ दिवस पोरीकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. भावना आधी रडली, मग गप्प बसली. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच की!

शिपायानं रुचिकाला एकटीला आत नेलं. अर्धा तास झाला. बायजाबाईचे हात स्वस्थ बसेनात. नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यात वीस वर्षं सुताच्या कांड्या भरलेले हात ते. लूमच्या खडखडाटात कान काही कामाचे नसतात, तिथं माणसं हातांनी बोलतात. पाणी हवं, चहा सांग, मुकादम आला, सगळ्याला खुणा. दोन बोटं जुळवून झटक्यात फाकवली की दोरा तुटला. पालथा हात खाली दाबला की मशीन बंद कर. ही खूण दिसली की मशीनजवळच्यानं हातातलं टाकून धावायचं, नाहीतर पुढचं सगळं कापड नासतं. रुचिका बोलायला लागायच्या आधी आजीच्या मांडीवर या खुणा शिकली. पुढं लूमवर कामाला असलेल्या बापाचा डबा घेऊन जायची, तेव्हा बापलेकही असंच बोलायची. शाळेतलं, घरातलं, सगळं. भावनाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.

"आजींना बोलावलंय," शिपाई म्हणाला.

बायजाबाई आत गेली. मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. बाजूच्या खुर्चीत रुचिका, तोंड दाराकडं. डोळे लाल झाले होते. म्हणजे काम झालं होतं.

"आजी, मुलीनं हे सगळ्यात आधी तुम्हालाच सांगितलं?"

"हो मॅडम. माझ्याच मांडीवर रडली हो पोर."

तेवढ्यात तिचं लक्ष रुचिकाच्या हातांकडं गेलं. दोन बोटं जुळली आणि फाकली. पालथा हात खाली दबला. दोरा तुटला, बंद कर. पुन्हा तेच. पोर टक लावून समोर दाराच्या दिशेनं बघत होती.

मेला बाप मागं दारात येऊन उभा राहिला वाटतं! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मागं वळून बघायची तिची छाती होईना. पदर सावरायच्या निमित्तानं ती सरकली आणि बरोबर पोरीच्या आणि दाराच्या मधे उभी राहिली. आता बोल म्हणावं बापाशी, कशी बोलतेस ते. पण पोर थांबेना. बोटं जुळत होती, फाकत होती.

मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली. "ही हातानं काय करतेय? काही सांगतेय का?"

एक शब्द पुरला असता. खरंच, एकच.

"न्हाय मॅडम," बायजाबाई म्हणाली. "खेळतेय. पोरच हाय ती."

मॅडमनी मान हलवली आणि पुढं लिहिलं. दुसरा हुकूम होईपर्यंत बापानं मुलीला भेटायचं नाही, बाकीची चौकशी पोलीस करतील. बायजाबाईनं दाखवलं तिथं अंगठा उठवला. एकदाचं घोडं गंगेत न्हालं. आता मात्र तिला राहवेना. जावयाचं पडलेलं तोंड एकदा बघून घ्यावं म्हणून ती वळली.

दार बंद होतं.

"मुलीच्या वडिलांना बघताय काय?" शिपाई म्हणाला. "त्यांना मघाशीच खाली पाठवलंय. मुलगी आत असेस्तोवर वर यायचं नाही, असं मॅडमनीच सांगितलं."

बायजाबाई बंद दाराकडं बघत राहिली. त्या खोलीत ती खूण कळणारं माणूस एकच होतं, आणि पोर पहिल्यापासून त्याच्याकडंच बघत होती.

ती गर्रकन फिरली. अंगठ्याला शाई लागलेला हात आपसूक वर आला, पालथा झाला, खाली दबला. एकदा, दोनदा. बंद करते गं, बंद करते. रुचिकानं त्या हाताकडं बघितलंच नाही. तिचे हात मांडीवर गप्प पडले होते.

"आजी," तिनं तोंडानं विचारलं, "मी नीट बोलले ना?"