दोन पानं

गुड्रुनने सूपसाठी आणलेल्या पाल्याच्या उरलेल्या जुडीतली दोन पानं खिडकीपाशी उजेडात धरली. दोन्ही हिरवी, दोन्ही लांबट. एक रानलसणीचं. त्याला बारीक देठ होता आणि पाठीला चकाकी नव्हती. दुसऱ्याला देठच नव्हता. ते दोन्ही अंगांनी तकतकत होतं.

तिने ते हुंगलं. लसणीचा वास आला. पण तो वास तिच्या बोटांना होता, सुरीला होता, अख्ख्या स्वयंपाकघराला होता.

मागे तिचा नवरा फोल्कमार पावाच्या तुकड्याने सूपचा वाडगा पुसून खात होता.

"आई," तिने सासूला विचारलं, "पाला ओढ्याकाठचाच ना?"

"तू या घरात यायच्या आधीपासून आणतेय मी," वालबुर्गा म्हणाली. "आता तू मला रानलसूण शिकव."

"पण ओढ्याकाठचाच ना?"

म्हातारीने एप्रनला हात पुसले. "उतार उतरवेना गं. गुडघे धरले होते. वरच्या कुरणातूनच पाला तोडून परतले."

वरच्या कुरणात शरदात जांभळी फुलं उमलतात. त्यांची पानं मात्र वसंतातच वर येतात, आणि ती इतकी विषारी की त्यांना गायसुद्धा तोंड लावत नाही.

गुड्रुनने इस्पितळात फोन लावून सगळं सांगितलं.

"त्रास होतोय का त्यांना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. हसतोय तो."

"त्रास व्हायची वाट बघू नका. आत्ता निघा. ते पान बरोबर आणा."

"उगाच घाबरवतेस," फोल्कमार म्हणाला. पण बुटाची नाडी काही त्याला बांधता येईना.

वालबुर्गाने स्वतःसाठी वाढून ठेवलेला वाडगा पुढे ओढला आणि चमचा बुडवला. गुड्रुनने तिचं मनगट घट्ट धरलं.

"तुम्हीही? मग मी कुणाकुणाला सांभाळू?"

चमचा खाली पडला. तिघंही गाडीत बसली.

इस्पितळात डॉक्टरांनी फोल्कमारला विष शोषून घेणारं कोळशाचं काळं पाणी पाजलं. तरी संध्याकाळी उलट्या सुरू झाल्याच. पुढचे काही दिवस तो जगतो की जातो, हे कुणी छातीठोकपणे सांगेना. वालबुर्गा बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

तो वाचला. घरी आला त्या दुपारी वालबुर्गाने त्याच्यासाठी बटाटे उकडले. मग चुलीपाशी थबकली आणि डबा उघडून गुड्रुनसमोर धरला.

"बघ गं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मीठच आहे ना हे?"