गोळीचा गुण

पिंकीला सातवा महिना होता. तीन महिन्यांपूर्वी तिचं हिमोग्लोबिन आठ होतं, आता साडेदहा भरलं. वळसंगची आशा सेविका दिपाली हिनं वहीत लिहिलं, ‘लोहाच्या गोळ्यांचा गुण चांगला.’

सासू गिरणीत गेलेली बघून पिंकीनं ट्रंकेतून एक डबी काढली. तिच्यात तीन महिन्यांच्या गोळ्या तशाच होत्या.

“अगं बया! एक बी घेतली न्हाईस? मग रक्त वाढलं कशानं?”

“मळमळतंय लई, ताई. सासूबाई पाणी आणाय उठल्या की पदरात बांधते. पण गोळ्या बंद करू नका की. गोळी पोटभर जेवल्यावरच घ्यायची, असं तुमी त्यास्नी सांगितलं. तवापासनं दुपारी सगळ्यांच्या आदी मला वाढत्यात. भाकरी, डाळ, पालेभाजी. ताट रिकामं हुईस्तवर समोरनं हलत न्हाईत. न्हाईतर माझी पाळी शेवटची, उरलं तर.”

तेवढ्यात मुक्ताबाई पिठाचा डबा घेऊन दारात आल्या. “काय म्हणतंय सुनंचं रक्त?”

दिपालीनं डबी गुपचूप आपल्या पिशवीत टाकली.

“लई वाढलंय, मावशी. गोळी लागू पडली. आता रातीला बी एक चालू करू. पोटभर जेवल्यावर.”