नातीचा पाळणा

खिडक्या चिणायचा हुकूम काढणाऱ्या साहेबा, तू त्या खोलीत घटकाभर तरी बसला होतास का?

मार्गिलान शहरातल्या तोशतेमिर उस्ताने, म्हणजे मुरलेल्या सुताराने, जन्मभर उघड्या हवेत, जमिनीवर डुलणारे लाकडी पाळणे घडवले. तुझ्या माणसांनी धमकावलं: बंद खोलीत काम कर, खिडक्या चिण, भुसा ओढणारं यंत्र बसव, नाहीतर टाळं ठोकू. त्याने बाजारातलं सगळ्यात दांडगं यंत्र आणलं आणि त्याचा नळ छतातून बाहेर काढला.

दुपारी बटण दाबताच भुसा नळात गडप झाला. नातीसाठी घडवलेला पाळणा तेवढा मधोमध उरला.

"अहो, दार का लावलंत?" बाहेरून त्याची बायको खोलिदा ओरडली. "पुलाव गार होतोय!"

"लावलं नाही गं. हवेनं आत खेचून धरलंय."

"मोठे उस्ता! साधं दार उघडवत नाही, आणि म्हणे यंत्रं बसवतात. आधी बंद करा ते!"

त्याने बटण बंद केलं, तारही उपटली. यंत्र गप्प झालं. नळ मात्र ओढतच राहिला, थांबून थांबून, श्वास घ्यावा तसा. दार हललं नाही. प्रत्येक ओढीबरोबर पाळणा डुलू लागला.

रिकामा पाळणा हलला की ज्याच्यासाठी घडवला त्या बाळावर बेततं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि आठ दिवसांची नात अंगणापलीकडे झोपली होती.

त्याने धावत जाऊन पाळणा दोन्ही हातांनी धरला. आत काहीच नव्हतं. तरी तो जड लागला, आणि तळाची फळी कोमट होती.

बाहेर खोलिदाचा आवाज बंद झाला होता. पाळणा न सोडता तो किंचाळला, "खोलिदा, नात कुठंय? बोल! नात कुठंय?"